जुनी जाहिरात छापा, पण तळची ओळ कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या जाहिरातींची कात्रणे हल्ली वरचेवर छापून येतात. जहाजांच्या नोटिसा, लिलाव, भागीदारी मोडल्याच्या सूचना, कापसाचे भाव असे सगळे असते आणि वाचकांना ते आवडते. अडचण एवढीच की कात्रण फार बारीक कापलेले असते. वर वृत्तपत्राचे नाव नाही, खाली तारखेची ओळ नाही, शेजारचा रकाना नाही. मग त्याखाली कुणीतरी लिहितो, ‘त्या काळी कापूस इतक्या रुपयांना मिळे’. पुढे तेच फोनवरून फिरते आणि कात्रणावर अंदाजाने टाकलेले साल दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना’ म्हणून जाऊन बसते. या नोटिसा वाचण्याची एक रीत आहे. ती न पाळता छापलेले कात्रण शोभेचे होते, पुराव्याचे राहत नाही.

पहिला घोळ तारखेचा. त्या काळी खिळे हाताने जुळवत. एकदा जुळवलेली जाहिरात मोडून पुन्हा जुळवायची तर मजुरी पुन्हा, म्हणून ती बांधून ठेवत आणि अंकामागून अंक तशीच चढवत. परिणामी जानेवारीच्या अंकात नोव्हेंबरची नोटीस सापडते. खरी तारीख असते ती नोटिशीच्या तळाशी, डाव्या बाजूला, बारीक टाइपात: ‘मुंबई, अमुक तारीख’. कात्री नेमकी तिच्यावरच चालते. दुसऱ्या टोकाला उलट फसगत होते. जहाज ‘अमुक दिवशी निश्चित निघेल’ असे छापलेले असते, पुढच्या अंकात मजकूर तोच आणि फक्त दिवस बदललेला. माल भरला नाही की कप्तान थांबायचा. तेव्हा जहाज कधी सुटले हे जाहिरातीवरून ठरवू नये. त्याच वृत्तपत्रात बंदरात आलेल्या-गेलेल्या जहाजांची यादी असते, ती पाहावी. जाहिरातीत डोक्यावर जे गलबताचे चित्र असते ते तर कुठल्याच विशिष्ट जहाजाचे नाही. छापखान्यात असे दोन-चार ठोकळे असत, तेच प्रत्येक जहाजाला लावत. ‘हे पाहा त्या जहाजाचे दुर्मीळ चित्र’ अशी ओळ लिहिण्यापूर्वी शेजारची जाहिरात पाहिली तर तेच गलबत तिथेही दिसेल.

तारीख तपासायला वाराची मदत होते. बॉम्बे टाइम्सचा पहिला अंक ३ नोव्हेंबर १८३८ चा, तो शनिवार होता. दर्पणचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, तो शुक्रवार. नोटिशीत ‘येत्या सोमवारी लिलाव’ असे असेल तर तो सोमवार तळच्या तारखेपासून मोजायचा, अंकाच्या तारखेपासून नाही.

देशी तारखांचे हिशेब वेगळे. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. गुजराती व्यापाऱ्यांचा संवत कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळीच्या पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे आणि त्यापुढे ५६. संवत १९२२ ची सुरुवात १८६५ च्या दिवाळीत झाली. हाच संवत मारवाडी पेढीच्या कागदावर असेल तर तिकडचे वर्ष चैत्रात बदललेले असते, शिवाय महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षात आपल्याहून एक महिना पुढचे नाव लागते. पारशी रोज-माहाच्या (दिवस-महिन्याच्या) तारखांत शहेनशाही आणि कदमी या दोन गणनांत महिन्याचा फरक आहे. कोणती धरली ते लिहिल्याशिवाय इंग्रजी तारीख देऊ नये.

आता खंडी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मुंबईचा मण २८ रतलांचा म्हणजे पौंडांचा, ४० शेरांचा. अशा २० मणांची खंडी ५६० पौंडांची, सुमारे २५४ किलो. पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची. सुरती मण ३७ १/३ पौंडांचा, त्याचे २१ मण म्हणजे ही खंडी. किलोत ती ३५५.६ भरते, आणि रुईच्या बाजारात आजही भाव ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो तो याच मापाचा वारसा आहे. धान्याची खंडी तर वजनाची नव्हतीच, मापाची होती. २ टिपऱ्यांचा शेर, ४ शेरांची पायली, १६ पायल्यांचा फरा आणि ८ फऱ्यांची खंडी. तीच देशावर गेली की १२ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. म्हणजे ‘खंडीला इतके रुपये’ या तीन शब्दांत माल कोणता आणि गाव कोणते हे कळल्याशिवाय भाव कळतच नाही. कापसाचा भाव ५६० पौंडांची खंडी धरून काढला तर पौंडाचा दर खऱ्याच्या १.४ पट येतो. १८६१-६५ च्या कापसाच्या तेजीची वर्णने अशीच फुगतात. तेजी मुळात खोटी नव्हती, तिला आणखी फुगवण्याची गरज नाही. रेल्वेच्या आणि सरकारी कागदांत मण आला तर तो बंगाली मण असतो, ८२ २/७ पौंडांचा, मुंबईच्या मणाच्या जवळजवळ तिप्पट. कापडाच्या यादीत ‘कोडी’ दिसली तर २० नग समजावेत. लिलावाच्या यादीत मदेरा बेटावरच्या वाइनचे ‘पाइप’ असतात ते नळ नव्हेत, सुमारे ९२ गॅलनांचे पिंप.

नाण्यांचेही तसेच. १८३५ च्या १७ व्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा एकसारखा रुपया त्या सप्टेंबरपासून सगळीकडे लागू झाला. त्याआधी मुंबईचा जमाखर्च रुपये, पावल्या आणि रेस यांत मांडत. चार पावल्यांचा रुपया आणि शंभर रेसची पावली. त्यानंतर रुपये, आणे, पै. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. दोन्हींत आकड्यांचे रकाने तीनच, म्हणून घोटाळा होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. मधल्या रकान्यात कधीच ३ च्या वर आकडा दिसत नसेल आणि शेवटच्यात ११ च्या पुढचे आकडे येत असतील तर ते रेस. उदाहरणार्थ १२–३–५० म्हणजे बारा रुपये, तीन पावल्या, पन्नास रेस. पन्नास रेस म्हणजे अर्धी पावली, दोन आणे. एकूण १२ रुपये १४ आणे. ५० पै तर असूच शकत नाहीत. एका ओळीवरून हे ठरवू नये, पूर्ण यादी पाहावी. आणि यादी पूर्ण छापलेली नसली की वाचकाला हा पडताळा घेताच येत नाही.

भागीदारी मोडल्याच्या नोटिसा सगळ्यात जास्त चुकीच्या वाचल्या जातात, म्हणून त्यावर जरा थांबतो. साचा ठरलेला असे. पहिल्या वाक्यात ‘आमच्या पेढीतील अमुक यांचा संबंध व जबाबदारी या तारखेपासून संपली’. दुसऱ्यात येणी कोण वसूल करील आणि देणी कोण फेडील. तिसऱ्यात, असल्यास, ‘तमुक यांस पेढीची सही करण्याचा अधिकार दिला आहे’. खाली पेढीची सही, कधी जुन्या आणि नव्या भागीदारांच्या सह्या. या नोटिशीत भांडण शोधू नये. भागीदार विलायतेला परतला, वारला, वर्षअखेर म्हणून हिशेब बंद केला, यापैकी काहीही कारण असे. नोटीस द्यावी लागे ती पेढीशी व्यवहार करणाऱ्यांसाठी. बाहेर पडलेल्या भागीदाराने जाहीर केले नाही, तर त्याच्या मागे झालेल्या व्यवहाराची जबाबदारीही त्याच्या गळ्यात पडू शके. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २६४ मध्ये हेच तत्त्व आले: भागीदारी मोडल्याची जाहीर सूचना दिली नसेल आणि समोरच्याला ते माहीतही नसेल, तर पेढीशी व्यवहार करणाऱ्याला त्याची बाधा नाही. म्हणून या नोटिशीतला महत्त्वाचा शब्द ‘जबाबदारी’ हा आहे आणि महत्त्वाची तारीख ज्या दिवसापासून ती संपली तो दिवस. तो दिवस नोटिशीच्या तारखेच्या आधीचाही असू शकतो.

पेढीचे नाव हा आणखी एक चकवा. मालक बदलले तरी नाव तेच चालत असे, कारण पत ही नावाची असे. फोर्ब्स आणि कंपनी १७६७ पासूनची. पुढच्या शंभर वर्षांत त्या नावाखाली माणसे बदलत गेली. तेव्हा १८५० च्या जाहिरातीत एखादे आडनाव दिसले म्हणून त्या आडनावाचा माणूस त्या वर्षी दुकानात बसत होता असे म्हणता येत नाही. उलट नोटीस नवी म्हणून दुकानही नवे असे नाही. ‘जुन्या जागेतून नव्या जागेत’ असा शब्द मजकुराच्या मध्येच कुठेतरी असतो, तो सुटला की स्थापनेचे साल पंधरा-वीस वर्षे पुढे सरकते.

हरवलेल्या रोख्यांच्या नोटिसा मात्र इतक्या काटेकोर असतात की त्यांच्यावरून माणसांचे व्यवहार लावता येतात. सरकारी कर्जाच्या प्रॉमिसरी नोटेचा क्रमांक, कोणते कर्ज आणि किती टक्क्यांचे, रक्कम, मूळ कोणाच्या नावे, शेवटची सही कोणाला करून दिली, आणि ‘धारकाने ती पुढे कोणालाही सही करून दिलेली नाही’ हे वाक्य. मग मुद्दल आणि व्याज दोन्ही थांबवल्याचे आणि दुसरी प्रत मागत असल्याचे. यातले सही करून न दिल्याचे वाक्य भरतीचे वाटते, पण नोटिशीचा सगळा भार त्याच्यावर आहे. सहीने हस्तांतर होणारा कागद, मग सही झालेली नाही हेच सांगायला हवे. एका नोटिशीत कर्जाचे साल, मूळ नाव आणि शेवटचे नाव मिळून तो रोखा कोणत्या घरातून कोणत्या घरात गेला याची साखळी हाती लागते. असेच अर्ध्या नोटांचे. १८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी नोटा आल्या. त्या टपालाने पाठवायच्या तर लोक मधोमध कापत, एक अर्धी आधी पाठवत आणि ती पोहोचल्याचे पत्र आले की दुसरी. मधली एखादी गहाळ झाली की नोटीस. त्यात क्रमांकाबरोबर मंडळाचे, म्हणजे नोट काढणाऱ्या चलन-विभागाचे, नाव असतेच, कारण मुंबई, कलकत्ता, मद्रास या मंडळांच्या नोटा निराळ्या होत्या. कात्रणात क्रमांक ठेवून मंडळ कापले तर नोट ओळखता येत नाही.

गिरण्यांच्या छापांच्या ‘सावधान’ नोटिसाही याच जातीच्या. १९४० च्या ट्रेडमार्क कायद्यापर्यंत देशात चिन्हांची नोंदवही नव्हती. कापडाच्या ताग्यावरचा छाप आपला आहे असे निवेदन दस्तनोंदणीच्या कचेरीत नोंदवायचे आणि मग वृत्तपत्रात छापाच्या चित्रासह इशारा द्यायचा, ही वहिवाट. चित्र आवडते म्हणून मजकूर कापून फक्त चित्र छापले जाते. पण छाप कधीपासून वापरात आहे हे त्या मजकुरातच असते.

शेअरांच्या यादीबद्दल थोडेच. १८६४-६५ च्या याद्यांत बहुतेक आकडे अधिमूल्याचे आहेत, म्हणजे भरलेल्या रकमेच्या वर किती. दर्शनी किंमत, भरलेली रक्कम आणि अधिमूल्य हे तीन आकडे निराळे. समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअराचे गणित सांगताना हे तिन्ही एकमेकांत मिसळतात. कंपनी शेअरवरचा हप्ता मागते ती ‘कॉल’ नोटीस वेगळी. तीत मुदत, उशिराचे व्याज आणि शेअर जप्त होण्याचा इशारा असतो. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्याची बातमी आल्यावर १ जुलै १८६५ च्या वायद्याला बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० ला पोहोचलेला शेअर पुढे ८७ ला विकला गेला. त्या पावसाळ्यानंतरच्या अंकांत कॉलच्या नोटिसा, नादारीच्या नोटिसा आणि घरसामानाचे लिलाव एकाच पानावर शेजारी शेजारी येतात. पान अख्खे पाहिले तरच हे दिसते. एकेक कात्रण वेगळे केले तर प्रत्येक नोटीस रोजच्यासारखीच वाटते.

पत्त्यांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १८६२ नंतर कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. त्यापूर्वीच्या नोटिशीतले ‘चर्च गेट’ म्हणजे खरोखरचा दरवाजा, आजच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपासचा. रेल्वे स्टेशनाशी त्याचा संबंध नावापुरता. मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर रोड, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रोड, बझारगेट स्ट्रीट म्हणजे पेरीन नरिमन स्ट्रीट, एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे हॉर्निमन सर्कल. कापसाचा बाजार १८४४ पर्यंत टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर भरे, नंतर कुलाब्याला गेला, म्हणून ‘ग्रीन’ असे आले की आधी साल पाहावे. वेळही जपून लिहावी. मुंबईची स्थानिक वेळ मद्रास वेळेच्या सुमारे अर्धा तास मागे होती, आणि रेल्वे पुढे मद्रास वेळेने चालू लागली. लिलावाची वेळ आणि गाडीची वेळ एकाच घड्याळाची नसे.

मराठी पत्रांत व्यापारी नोटिसा तुलनेने कमी. दर्पणचे रकाने दोन, एकात इंग्रजी आणि एकात मराठी, आणि त्याचा रोख व्यापारावर नव्हता. मराठीत जास्त सापडतात त्या पुस्तकांच्या आणि पंचांगांच्या: किंमत किती आणे, आगाऊ वर्गणी भरणाऱ्यास किती, कोणत्या छापखान्यात मिळेल, आणि ‘टपाल हशील निराळे’. १८५४ च्या आधी हशील अंतरावर आणि वजनावर ठरे, त्यामुळे छापणाऱ्याला एक आकडा देताच येत नसे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा झाला. मग जाहिरातींतही ठरीव हशील छापता येऊ लागले.

शोध घेणाऱ्यांनी इंग्रजी स्पेलिंगच्या जुन्या खोडी ध्यानात घ्याव्यात. ठाणे टी-ए-डबल एन-ए-एच असे येते. ‘अ’ साठी यू वापरत, म्हणून नाना शंकरशेट यांचे जगन्नाथ हे नाव ‘जुगन्नाथ’ आणि आडनाव ‘सुंकरसेट’ अशा अक्षरांनी सापडते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या अंकांत लांब एस वापरला आहे. छापील अक्षरे ओळखणाऱ्या संगणकाच्या यंत्रणेला तो एफ वाटतो, त्यामुळे ‘सेल’ हा शब्द ‘फेल’ म्हणून नोंदला जातो. विक्रीची नोटीस शोधायची तर ‘फेल’ (एफ-ए-एल-ई) टाकून पाहावे. रकान्यांमधली रेघ फिकट असेल तर यंत्र दोन रकाने सलग वाचते आणि तुपाच्या भावात घोडा घुसतो.

छायाचित्र घेताना आधी मथळ्यासह पूर्ण पान, मग रकाना, मग नोटीस असे तीन घ्यावेत. बांधीव खंडात आतला रकाना शिवणीत दडतो. खंड दाबून सपाट करू नये, कणा फाटतो. पुस्तक अर्धे उघडे ठेवून त्या बाजूने तिरपा कॅमेरा धरावा. १८७० नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद १८३० च्या चिंध्यांच्या कागदापेक्षा जास्त ठिसूळ असतो, हे नवख्याला उलटे वाटते. चिकटपट्टी कशालाही लावू नये.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच. कात्रण छापताना पानाचा मथळा नसेल तर किमान वृत्तपत्राचे नाव, अंकाची तारीख, पान आणि रकाना खाली द्यावा, नोटिशीची तळची ओळ राखावी, आणि भाव असेल तर माप व नाणे स्पष्ट करावे. मुद्रकाचे नाव-पत्ता देणारी अंकाच्या शेवटची ओळही जपावी. १८३५ पासून कायद्याने मुद्रक व प्रकाशक जाहीर करणे भाग होते, त्यामुळे नाव फाटलेला अंक कुणाचा हे त्यावरून लागते.

दुसरी विनंती आपल्या स्वतःच्या अंकांबाबत. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ७२ आजही राजपत्राबरोबर जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात सूचना देण्यास सांगते. त्या सूचना जिल्हा आवृत्त्यांच्या आतल्या पानांवर येतात. ई-पेपर साठवताना पुष्कळदा मुख्य शहराची आवृत्ती ठेवतात आणि जिल्ह्याची पाने काही महिन्यांनी काढून टाकतात. ती सगळ्या आवृत्त्यांसह, पान क्रमांकासकट ठेवावीत आणि एक प्रत त्या त्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयाला द्यावी.

आपला,
जुन्या वृत्तपत्रांचा एक अभ्यासक, गिरगाव, मुंबई